भुईगावचा शिलाखंड आणि मुंबईची संग्रहालये

सम्राट अशोकाचा शिलालेख कोठे पाहावयास मिळेल, असे वसई परिसरातील एखाद्या विद्यार्थ्यास विचारले, तर तो गिरनार किंवा धौली अशी दूरची नावे सांगतो. पुस्तकात तीच छापलेली असतात. वास्तविक होळीच्या बाजारातून निघाले की फार दूर नसलेल्या भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. त्यापूर्वी १८८२ साली सोपाऱ्यास आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला होता. हे पाषाणखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. म्हणजे आपल्याच शिवारातला दगड पाहावयाचा तर वसई रोडहून चर्चगेटची गाडी धरावी लागते.

आमच्या विद्यार्थ्यांना संग्रहालये दाखवावयाची ठरविली, तेव्हा आरंभी आमचाही विचार चारचौघांसारखाच होता. मुंबईतील नामांकित वास्तू एका दिवसात उरकाव्यात, डबे उद्यानात उघडावेत आणि संध्याकाळी परत यावे. पहिल्या सहलीत तसेच केले. परतताना गाडीत मुलांना विचारले, काय पाहिले? उत्तर आले, वाघ. पेंढा भरलेला वाघ त्यांना आठवत होता, अशोकाचा शिलालेख कोणालाही आठवत नव्हता. दोष मुलांचा नव्हता. ज्याची गोष्ट आधी ऐकलेली नाही, तो काळा दगड काचेपलीकडे काही बोलत नाही.

म्हणून आता आम्ही यात्रेचा प्रारंभ मुंबईत नव्हे, तर नालासोपाऱ्याच्या स्तूपापासून करतो. या टेकाडास पूर्वी लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुद्धाचे नाव विसरले गेले होते, पण येथे काहीतरी थोर होते एवढे गावाने लक्षात ठेवले होते. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल यांनी मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या साहाय्याने हे टेकाड मध्यभागी उकरले. विटांच्या बांधकामात खोल गेल्यावर दगडाची एक गोल पेटी लागली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ ब्राँझ मूर्ती बसविलेल्या होत्या. सात मूर्ती गौतम बुद्धापर्यंतच्या सात बुद्धांच्या आणि आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या त्या इवल्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते. भोवती इतके वैभव आणि गाभ्यात खापऱ्या! हे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असा निष्कर्ष भगवानलाल यांनी काढला.

येथे आमच्या मुलांपैकी एक जण नेहमी विचारतो, ते खरोखर बुद्धांचेच पात्र होते काय? हा प्रश्न कोणी दडपू नये, असे आमचे मत आहे. बुद्धाने कालामांना जे सांगितले, त्यास अनुसरूनच तो प्रश्न आहे. उत्तर असे की, ज्यांनी स्तूप बांधला त्यांची तशी श्रद्धा होती, हे त्या पाच करंडकांवरून उघड आहे. त्यापलीकडचे सिद्ध करता येत नाही. परंतु जे सिद्ध करता येते तेही कमी रोचक नाही. त्याच ठेवीत गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. ब्राँझ मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातील ठरतात. दोहोंमध्ये सहा-सातशे वर्षांचे अंतर! मग एका पेटीत दोन्ही कशा? याचा अर्थ हा स्तूप मधल्या काळात कोणीतरी पुन्हा उघडला, त्याची डागडुजी केली, जुनी ठेव जपली आणि नव्या मूर्ती भोवती मांडल्या. कोकणात धम्म किती दीर्घकाळ जिवंत होता, याचा हा पुरावा आहे, आणि तो कोणत्याही ग्रंथावर अवलंबून नाही.

ही पेटी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. फोर्टमधील टाऊन हॉलची उंच पायऱ्यांची, भव्य खांबांची इमारत चित्रपटांतून सर्वांनी पाहिलेली असते. आत मुळात ग्रंथालय आहे, संग्रहालय नव्हे. त्यामुळे सहज गेले आणि पाहिले असे तेथे होत नाही. मुलांना घेऊन जावयाचे असल्यास आधी पत्र लिहावे, उत्तराची वाट पाहावी आणि मगच दिवस ठरवावा.

येथून काही मिनिटांच्या पायवाटेवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९०५ साली त्याची कोनशिला बसविली गेली, महायुद्धाच्या काळात इमारतीत रुग्णालय होते आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा त्याचा घुमट बाहेरूनच मुलांना थांबवितो. आत पाहण्यासारखे अपार आहे. म्हणूनच सर्व पाहू नये, असा आमचा अनुभव सांगतो. आम्ही दोनच ठिकाणी रेंगाळतो. एक म्हणजे सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपातून आलेल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि हाती कमळ घेतलेला उपासक. मातीला इतकी शांती देता येते, हे पाहिल्यावर आपल्या कुंभारवाड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

दुसरे अर्थातच आपले शिलाखंड. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, शिकार व करमणूक करीत. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यांतील जनतेशी धम्माविषयी बोलणे हे त्या यात्रेचे स्वरूप. नवव्या लेखाचा विषय मंगलकार्ये. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते; दास व सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, हे खरे मंगल, असे तो म्हणतो. बावीसशे वर्षांपूर्वी हे शब्द आपल्या सोपारा बंदरात दगडावर उभे होते. हा तुटका लेख वाचून झाल्यावर एका पालकांनी आम्हास हळूच सांगितले, “गुरुजी, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, खर्चाची यादी पुन्हा बघायला हवी.”

आणखी एक योगायोग नोंदवितो. भुईगावचा खंड प्रकाशात आला ते १९५६ हेच वर्ष नागपूरच्या धम्मदीक्षेचे.

भगवानलाल यांच्याविषयीही चार शब्द हवेत. जुनागढचा हा माणूस मुंबईस आला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी शिलालेखांच्या नकला काढण्याकरिता. देशभर आणि नेपाळपर्यंत हिंडून त्यांनी ते काम केले. भाऊ दाजींच्या नावाचे संग्रहालय भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. ते १८७२ साली उघडले, नाव मात्र १९७५ मध्ये बदलले. जुन्या मुंबईतील कारागीर, व्यवसाय आणि पोशाख यांच्या मातीच्या लहान प्रतिकृती तेथे आहेत. आजी-आजोबांना घेऊन जाण्यासारखे ठिकाण. भगवानलाल यांचा स्वतःचा संग्रह मात्र त्यांच्या मृत्यूनंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. मथुरेचा प्रसिद्ध सिंहशीर्ष तेथेच आहे.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचा उल्लेख न केल्यास विद्यार्थी आम्हास क्षमा करणार नाहीत. १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्रात हात लावू नये अशी पाटी नसते. उलट हात लावल्याखेरीज काही कळतच नाही. सकाळी शिलालेख आणि दुपारी विज्ञान केंद्र, असा क्रम एकदा ठेवला होता. दुपारी मुले भानावर नव्हती आणि सकाळचे सारे पुसले गेले. दोन्ही एका दिवशी करू नयेत.

ज्यांना पुण्यास जाणे जमेल, त्यांनी सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय पाहावे. तेथे बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे. राज्यघटना आणि आंदोलने यांतून मुलांना जे बाबासाहेब माहीत असतात, त्यांच्याहून थोडे निराळे बाबासाहेब त्या व्हायोलिनपाशी भेटतात.

आपल्या वस्तू आपल्याकडे परत आणाव्यात, अशी मागणी सभांतून होते. भावना आम्हास कळते. वसईच्या किल्ल्यातील घंटादेखील चिमाजी अप्पांच्या विजयानंतर दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकीच एक. परंतु आमच्या मते शिलाखंड व करंडक यांना जी देखरेख लागते, ती आज तरी येथे नाही. खाऱ्या हवेत ब्राँझ किती टिकेल, हे मासेमारीच्या होड्यांची खिळेपट्टी पाहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. प्रतिकृती मात्र नक्कीच येथे असावी: स्तूपाजवळ, जेथे मुले विचारतात की पेटी नेमकी कोठे होती.

तोपर्यंत आमची तयारी साधी आहे. यात्रेच्या पंधरा दिवस आधी वर्गात ब्राह्मी लिपीचा तक्ता लागतो. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे निव्वळ वर्तुळ, एवढ्यावर मुले दोन दिवसांत स्वतःची नावे लिहू लागतात. गेल्या खेपेस काचेपुढे एका मुलीने बोट न टेकविता हवेतच अक्षरे गिरविली आणि तिसऱ्या ओळीशी अडखळली. मागे रांग खोळंबली होती. कोणीही तिला घाई केली नाही.