अड्याळचं मत आणि आपल्या पक्क्या समजुती

देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी लोकशाही आली आणि पुढे फक्त निवडून येणारी माणसं बदलली, असं अनेकांना वाटतं. पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या गावाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशोब मांडला, तर ही समजूत टिकत नाही. मत कुणाला, ते द्यायचं कसं, एका जागेवरून किती जण निवडायचे, सरपंच ठरवायचा कुणी, हे सगळं या काळात बदललं. काही नियम तर पुढे गेले, मागे आले आणि पुन्हा पुढे गेले.

‘गावात पंच होतेच, म्हणजे लोकशाही जुनीच’

पंच होते, पण भंडारा जिल्ह्यात गावाचा कारभार मालगुजाराच्या हातात होता. सारा वसूल करणारा तोच, आणि तलावाच्या पाण्यावरही शब्द त्याचाच. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले या भागातले तलाव आजही मामा तलाव म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. धानाच्या बांधीला पाणी कधी सोडायचं हे ज्याच्या मर्जीवर असतं, त्याच्यासमोर पंचाचं मत कितीसं मोकळं राहणार? मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि तलाव सरकारजमा झाले. माझ्या मते गावातल्या लोकशाहीचा खरा आरंभ मोजायचा तर हे वर्ष मतदानाच्या पहिल्या दिवसाइतकंच महत्त्वाचं आहे.

मताचंही तसंच. 1935 च्या कायद्याने मत दिलं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून. देशभरातले मतदार साडेतीन कोटींच्या आसपास. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो आकडा 17 कोटींच्या वर गेला. अट एकच, वय 21 पूर्ण. शेतमजुराचं आणि मालगुजाराचं मत प्रथमच सारख्या वजनाचं झालं. त्या वेळी भंडारा महाराष्ट्रात नव्हता, हेही अनेकांच्या लक्षात नसतं. जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात.

बायकांचं मत मात्र कागदावर मिळूनही सगळ्यांच्या हाती आलं नाही. मतदार याद्या करताना अनेकींनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. निर्णय कठोर वाटतो, पण मला तो बरोबर वाटतो. पुढच्या निवडणुकांसाठी त्या बायकांना आपलं नाव सांगावंच लागलं.

‘राखीव जागेवर त्याच समाजाचे लोक मत देतात’

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि त्याचं उत्तर भंडाऱ्याच्याच इतिहासात आहे. 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा काही मतदारसंघ दुहेरी असत: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे आठ हजार मतांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव असतो तो उमेदवार, मतदार नव्हे. दोन्ही जागांसाठी सगळ्या जातींच्या मतदारांनी मतं दिली होती, आणि म्हणूनच घटनेचा मसुदा करणारा माणूस राखीव जागेवरही हरू शकला.

मतदानाची रीतही वेगळी होती. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दुहेरी मतदारसंघ 1961 च्या कायद्याने बंद झाले, वेगवेगळ्या पेट्याही त्याच सुमाराला गेल्या.

‘सरपंच आधीपासून लोकच निवडतात’

नाही. आधी लोक सदस्य निवडत आणि सदस्य आपल्यातून सरपंच. 2017 मध्ये महाराष्ट्रात थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. त्यामुळे पाच-सहा वर्षांत एकाच गावाने सरपंच निवडायच्या दोन्ही पद्धती पाहिल्या असतील.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सुरुवातीची कित्येक वर्षं बऱ्याच राज्यांत राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी विधिमंडळच ठरवी. 1832 पर्यंत साउथ कॅरोलिना सोडून सगळीकडे ते लोकांच्या मतांवर आलं. सिनेटर मात्र थेट लोकांकडून निवडले जाऊ लागले 1913 च्या घटनादुरुस्तीनंतर. न्यू जर्सीत तर मालमत्ता असलेल्या बायका 1776 पासून मत देऊ शकत होत्या आणि 1807 मध्ये तो हक्क काढून घेतला गेला. तिथल्या गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जसजशी गळत गेली, तसतशी अनेक राज्यांत मुक्त कृष्णवर्णीयांची मतं हिरावली गेली. मिळालेला हक्क परत घेता येतो, हे त्या देशाने फार लवकर दाखवून दिलं.

थेट निवडून आलेला सरपंच म्हणजे गावाचा मालक, हीसुद्धा चुकीची समजूत. ग्रामपंचायत ग्रामसभेला बांधील असते आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतला प्रत्येक मतदार, मग तो विरोधात मत दिलेला असला तरी. महिला सरपंचाच्या जागी तिचा नवरा बैठक चालवतो तिथे तर कायद्याचा आधारच नसतो. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना 2011 पासून आहेत, पण ‘सरपंचपती’ हे पद कोणत्याही कायद्यात नाही.

‘आमचा आमदार गेला, आमचं मत गेलं’

अड्याळ नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. 2004 ची निवडणूक त्याची शेवटची ठरली. 2008 च्या पुनर्रचनेत तो संपला आणि 2009 पासून पवनी तालुका भंडारा मतदारसंघात मतदान करतो. जिल्ह्यात आता विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत: तुमसर, भंडारा आणि साकोली. भंडारा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे तिथला आमदार सगळ्यांच्या मतांनी ठरतो. मतदारसंघाला गावाचं नाव असलं की मान वाटतो, हे खरं. पण पुनर्रचना 2001 च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर झाली, कारण एका आमदारामागे सर्वत्र साधारण सारखी लोकसंख्या असावी लागते. त्यामुळे अड्याळच्या मतदाराचं मत तुमसरच्या किंवा नागपूरच्या मतदाराच्या मतापेक्षा हलकं झालेलं नाही.