लॅमिनेटची फरशी आणि पावसाळा

गोंदिया म्हणजे तळ्यांचा, धानाचा आणि चार महिने ओल धरून बसणारा जिल्हा. इथे लॅमिनेटची फरशी बसवायची, तर तिचं पाण्याशी वाकडं आहे हे आधी ध्यानात घ्यावं. १९७७ मध्ये स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने विकसित केलेली ही फरशी दिसते सागवानी, पण तिच्या पोटात असते लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद, आणि सर्वांत वर मेलामाइनचा पारदर्शक थर. या थरातून पाणी शिरत नाही. ते शिरतं दोन पट्ट्यांच्या सांध्यातून. मग तंतू फुगतात, कडा उचलल्या जातात आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाहीत.

म्हणून बादलीभर पाणी ओतून धुणं इथे बंद. मऊ झाडूने केर काढा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. ओल मिनिटभरात सुकायला हवी. वाफेचा मॉप नकोच. धानाच्या बांधीतून आलेल्या पायांची माती दारातच थांबवा, तिच्यातली वाळू चकाकी घासून काढते. डाग काढायला अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाणी सांडलंच, तर लगेच टिपून घ्या. फुगलेली पट्टी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.