गोळी एक, रोग अनेक

एचआयव्हीची तपासणी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात होते, हे वर्ध्यात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. एचआयव्ही होऊच नये म्हणून घ्यायची गोळीही असते, हे फार थोड्यांना. तिचं नाव प्रेप. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं एका गोळीत. नेमानं घेतली, तर लैंगिक संबंधातून होणारी लागण जवळजवळ टळते.

घोळ पुढे आहे. एचआयव्ही स्वतःची नक्कल काढायला जे विकर वापरतो, त्यालाच ही गोळी खीळ घालते. गरमी आणि परमा हे लैंगिक रोग मात्र जिवाणूंचे. त्यांच्याकडे ते विकर नाहीच. हेपटायटिस सी विषाणूचा खरा, पण त्याची यंत्रणा निराळी. म्हणजे प्रेपच्या भरवशावर कंडोम सुटला की ही मंडळी मोकळी! त्यात घशातला परमा बहुधा दुखतही नाही.

हेपटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो. सामायिक सुया हा त्याचा हमरस्ता. पण पुरुषा-पुरुषांतल्या संबंधात नाजूक त्वचा फाटली, तर तिथूनही शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. सोफोसबुविर-डाक्लाटासविर साधारण 12 आठवडे घेतलं की बहुतेक जण बरे होतात. 2018पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. मात्र बरं झाल्यावरही तो पुन्हा होऊ शकतो. प्रतिपिंडं रक्तात राहतात, पण राखण करत नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा प्रतिपिंडांची साधी चाचणी निरुपयोगी, थेट विषाणूच मोजावा लागतो.

प्रेप घेत असाल, तर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीसोबत गरमी-परम्याचीही तपासणी मागून घ्या. विचारायला लाज वाटली, तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.