माल दुकानदाराचा, नाव कंपनीचे

कंपनीचा माल रीतसर विकत घेतला की तो दुकानदाराच्या मालकीचा होतो. त्यावर छापलेले नाव मात्र कंपनीचेच राहते. दुकानदाराला ते नाव अजिबात वापरता येत नाही असे नाही. माल कोणाचा हे सांगितल्याशिवाय तो विकणार कसा? पण माल कोणाचा हे सांगणे वेगळे आणि आपण कंपनीची माणसे आहोत असे भासवणे वेगळे. ट्रेडमार्कविषयीचे बहुतेक वाद या दोहोंतली रेघ पुसली गेल्याने उभे राहतात.

ही रेघ कुठे आहे, हे सांगणारे अनेक महत्त्वाचे निकाल दिल्ली उच्च न्यायालयातून आले आहेत.

ट्रेडमार्क कायदा १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह मालावर, वेष्टनावर, बिलावर किंवा जाहिरातीत वापरणे केव्हा उल्लंघन ठरते, हे कलम २९ सांगते. त्याला अपवाद कोणते, हे कलम ३० मध्ये आहे. रीतसर विकत घेतलेला माल पुढे विकणे हे उल्लंघन नाही, हा त्यातला दुकानदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अपवाद. त्यालाही एक अट आहे. माल बाजारात आल्यानंतर त्यात फेरफार झाला असेल किंवा तो खराब झाला असेल, तर कंपनी विक्रीला हरकत घेऊ शकते.

या अपवादाची मोठी कसोटी सॅमसंगच्या खटल्यात लागली. दिल्लीतील काही विक्रेते सॅमसंगचे अस्सल प्रिंटर परदेशातून आणून कंपनीच्या भारतातील साखळीबाहेर विकत होते. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी एकल न्यायमूर्तींनी ही आयात आणि विक्री थांबवली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी खंडपीठाने ती बंदी उठवली. जगाच्या कोणत्याही बाजारात कंपनीच्या संमतीने एकदा विकलेल्या वस्तूच्या पुढच्या विक्रीवर ट्रेडमार्कच्या जोरावर अंकुश ठेवता येत नाही, असे खंडपीठाने मानले. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले.

खंडपीठाने विक्रेत्यांना मोकळे रान दिले नाही, हे मात्र विसरता कामा नये. हा माल आयात केलेला आहे, सॅमसंग त्याची वॉरंटी किंवा विक्रीपश्चात सेवा देत नाही, ती जबाबदारी विक्रेत्याची आहे, असा मजकूर दुकानात ठळकपणे लावण्याचा आदेश झाला. विक्रेत्यांच्या संकेतस्थळाची सॅमसंगच्या संकेतस्थळाशी मेटा-टॅगद्वारे सांगड घालण्यालाही मनाई राहिली. सरसकट बंदीपेक्षा हा तोडगा ग्राहकाच्या अधिक हिताचा आहे. स्वस्त माल घ्यायचा की कंपनीची वॉरंटी, हे त्याला डोळे उघडे ठेवून ठरवता येते.

वापरलेल्या मालाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. जुन्या हार्ड डिस्क आणून, दुरुस्त करून विकणाऱ्यांविरुद्ध सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मे २०२४ मधील निकालाने हा व्यवसाय बंद पाडला नाही, पण वेष्टनावर काय छापायचे ते तपशीलवार सांगितले. मूळ उत्पादकाचे नाव साध्या शब्दांत द्यावे, त्याचा लोगो वापरू नये. माल वापरलेला असून अमक्याने दुरुस्त केला आहे, मूळ कंपनीची वॉरंटी नाही, आणि विक्रेता स्वतः वॉरंटी देत असेल तर ती किती व कुठे मिळेल, हे सारे लिहावे. वेष्टनाप्रमाणेच माहितीपत्रके, संकेतस्थळ आणि ऑनलाइन विक्रीची पाने यांनाही हे लागू आहे.

नाव आणि लोगो यांतला हा फरक फार उपयोगाचा आहे. ‘येथे अमुक कंपनीचे मोबाईल मिळतील’ ही साध्या अक्षरांतली पाटी म्हणजे माहिती. तेच नाव कंपनीच्या खास रंगात, खास वळणात, दुकानाच्या नावाहून मोठे रंगवले की ग्राहकाला ते कंपनीचे अधिकृत दालन वाटते. त्याहून धोक्याचे म्हणजे त्या नावापुढे ‘सेंटर’ किंवा ‘वर्ल्ड’ जोडून दुकानाचे नामकरण करणे. तोच माल विकणाऱ्याने नोंदणीकृत चिन्ह स्वतःच्या व्यापारी नावात घेणे हे कायद्याने थेट उल्लंघन आहे. ‘अधिकृत विक्रेता’ हे शब्दही लेखी करार असेल तरच लिहावेत, आणि करार संपताच उतरवावेत.

सुट्या भागांच्या बाबतीत हॉकिन्सचा २००८ सालचा निकाल बोलका आहे. प्रतिवादी कुकरच्या रबरी रिंगा स्वतःच्या नावाने विकत होता. पाकिटावर मात्र ‘हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य’ अशा अर्थाचा मजकूर होता आणि त्यातला हॉकिन्स हा शब्द लाल रंगात उठून दिसत होता. सुटा भाग कोणत्या यंत्राला बसतो हे सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेता येते, पण ते खरोखर गरजेचे असले पाहिजे. रिंग इतर कुकरलाही बसत असेल तर एकाच कंपनीचे नाव, तेही ठळक रंगात, कशासाठी? खंडपीठाने हा वापर अमान्य केला.

नकली मालाला यातले कोणतेही संरक्षण नाही. खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. माल नकली असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, एवढे म्हणून सुटका होत नाही. योग्य ती खबरदारी घेतल्याचे दाखवावे लागते आणि माल कोणाकडून घेतला हेही सांगावे लागते. म्हणून खरेदीची पक्की बिले दुकानदाराने जपून ठेवावीत.

एखादे चिन्ह कोणाच्या नावावर आहे, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. या कार्यालयाचे मुख्यालय मुंबईत आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे पुनःपुन्हा नूतनीकरण करता येते. पाटी रंगवायला देण्याआधी दुकानदाराने हा शोध घ्यावा आणि लोगो वापरायचा असेल तर कंपनीची लेखी परवानगी मागावी.