लहान जाळ्यांवर मोठी गणिते: पाच दशकांचा मागोवा

समांतर अल्गोरिदम कागदावर मांडताना हवे तितके प्रोसेसर गृहीत धरता येतात. यंत्रात त्यांची संख्या ठरलेली असते. 1960च्या दशकात आखलेल्या इलियाक-4 संगणकात 256 प्रोसेसर बसवायचे होते, प्रत्यक्षात 64च बसले. मोजक्या प्रोसेसरांवर मोठे गणित कसे बसवायचे, याचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडत गेले.

पाया गणिती होता. कार्प, मिलर आणि विनोग्राड यांनी 1967 मध्ये आवर्ती समीकरणांतील क्रिया जाळीतील बिंदूंसारख्या मांडल्या आणि त्यांचे परस्परावलंबन ठरावीक दिशांनी दाखवले. 1974 मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एकात एक असलेल्या लूपमधील परस्परांपासून स्वतंत्र क्रिया एका प्रतलावर आणून एकाच वेळी करण्याची रीत दिली.

1978च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी सिस्टोलिक ॲरे, म्हणजे प्रोसेसरांचे एक नियमित जाळे, मांडले. त्यात घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आकडे शेजारच्या प्रोसेसरकडे सरकतात, त्यामुळे मेमरीकडे वारंवार जावे लागत नाही. मात्र गणित वाढले की जाळेही वाढवावे लागे. ही अडचण मोल्डोव्हान आणि फोर्टेस यांनी 1986 मध्ये थेट हाताळली: त्यांनी क्रियांच्या बिंदूंचे जाळ्याच्या मापाचे पट्टे पाडले आणि अवलंबन मोडणार नाही अशा क्रमाने ते चालवले.

याच काळात दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात प्रत्येक प्रोसेसर आपल्या वाट्याचा गट एकामागून एक पुरा करतो. त्याला स्वतःची मेमरी जास्त लागते, पण शेजाऱ्यांशी देवाणघेवाण कमी होते. दुसऱ्यात जाळ्याएवढा एकेक तुकडा सगळे प्रोसेसर मिळून सोडवतात. प्रोसेसरजवळची मेमरी थोडी पुरते, पण तुकड्यांमधली उत्तरे जाळ्याबाहेर साठवावी लागतात.

2015 मध्ये वापरात आलेल्या गूगलच्या पहिल्या टीपीयू चिपमध्ये 256 × 256, म्हणजे 65,536 गुणक-बेरजकांचे असेच सिस्टोलिक जाळे आहे. 1000 × 1000 ची मॅट्रिक्स तिच्यावर बसवायची तर 16 तुकडे होतात आणि काठावरच्या तुकड्यांत काही गुणक-बेरजक रिकामे राहतात. जाळे मोठे झाले, तरी तुकडे, त्यांचा क्रम आणि मेमरी यांचा हिशेब सुटलेला नाही. आजही चिपचा वेग किती उपयोगी पडतो, हे बऱ्याच अंशी या हिशेबावरच ठरते.