‘कायम’ आणि ‘कायमचे’

इंग्रजीतील ‘पर्मनंटली’ या क्रियाविशेषणाला मराठी प्रतिशब्द विचारला, तर बहुतेक विद्यार्थी तत्काळ ‘कायम’ असे उत्तर देतात. हे उत्तर अर्धेच बरोबर होय. ‘नदी पात्र कायम बदलते’ आणि ‘नदीने पात्र कायमचे बदलले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात नदी वारंवार पात्र बदलते; दुसऱ्यात ती एकदाच बदलली आणि पूर्वीच्या पात्रात परतण्याची आशा उरली नाही.

‘कायम’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. त्याचा मूलार्थ ‘उभा असलेला’ असा आहे. ‘मुक्काम’ हा शब्दही त्याच धातूपासून निघाला. जे उभे आहे ते ढळत नाही, म्हणून ‘कायम’मध्ये बदलाचा अभाव अभिप्रेत असतो. ‘भाव कायम राहिले’ म्हणजे ते बदलले नाहीत; ‘भाव कायमचे वाढले’ म्हणजे ते बदलले आणि तो बदल टिकला. वरिष्ठ न्यायालयाने ‘शिक्षा कायम केली’ याचा अर्थ खालच्या न्यायालयाचा निर्णय उचलून धरला एवढाच. ती शिक्षा जन्मभराची आहे असे त्यातून निघत नाही. कागदपत्रांच्या भाषांतरात येथे घोटाळा झाला, तर तो केवळ शैलीचा दोष राहात नाही.

इंग्रजी शब्द स्थिती आणि परिवर्तन या दोहोंस चालतो. मराठीत मात्र आधी क्रियापद पाहावे लागते. असणे, ठेवणे यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांपाशी ‘कायम’ शोभते. सोडणे, जाणे, मिटणे यांसारख्या परिवर्तनवाचक क्रियापदांपाशी ‘कायमचा’ हवा. ‘राहणे’ दोन्ही बाजूंचे आहे. ‘तो पुण्यास कायम राहतो’ हे स्थितीचे वर्णन झाले. ‘तो पुण्यास कायमचा राहिला’ यात पूर्वीचे घर सुटल्याची सूचना आहे.

आणखी एक विशेष असा की, हे क्रियाविशेषण लिंगवचनानुसार विकार पावते. ‘तो कायमचा गेला’, ‘ती कायमची गेली’; ‘त्याने गाव कायमचे सोडले’, ‘त्याने दारू कायमची सोडली’. इंग्रजीच्या सवयीने सर्वत्र ‘कायमचे’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास हे आवर्जून दाखवावे.

बऱ्हाणपुरासारख्या द्वैभाषिक गावी शिक्षकास हिंदीचे साहाय्य घेता येते. ‘हमेशा’ आणि ‘हमेशा के लिए’ यांत हाच भेद आहे. परंतु त्या वळणाने ‘नेहमीसाठी’ असे लिहिणे मराठीस मानवत नाही. आणि ‘नेहमीचा’ म्हणावे तर त्याचा अर्थ ‘रोजचा, परिचित’ असा होतो.

या गावचा इतिहासही उदाहरणे पुरवितो. मुमताजमहल १६३१ च्या जून महिन्यात येथे निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले, ते तात्पुरते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. येथील जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाचा शके १५११ चा, म्हणजे इ. स. १५९० चा, संस्कृत शिलालेख आहे. आकाशात चंद्र, सूर्य व तारे असेपर्यंत हा वंश पृथ्वीवर नांदो, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. दानपत्रांतून परिचित असलेली ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ ही कल्पना ती हीच. राज्य ‘कायम’ राहावे, ही ती प्रार्थना होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य ‘कायमचे’ बुडाले.

तेव्हा प्रतिशब्द सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारावा: येथे काही टिकून राहिले आहे, की काही बदलून मग टिकले आहे? उत्तर मिळाले की ‘चा’ लावावयाचा की नाही, हे तो स्वतःच ठरवील.