पत्र पोहोचले, पण पार्ट बदलला का?

लेखमाला : गाडीतली सुरक्षितता – लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण सीटबेल्ट समजून घेतला. तो बांधला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, विरला असेल तर हाताला कळते. आजचा विषय मात्र गाडी घेतल्यापासून ती भंगारात निघेपर्यंत बहुतेकांना एकदाही दिसत नाही. डॅशबोर्डच्या आत घडी घालून ठेवलेली एअरबॅग आपले काम करील, असे आपण गृहीतच धरतो. ब्रिटनमधल्या हजारो कुटुंबांच्या या विश्वासाला २०२५ च्या जूनमध्ये तडा गेला.

२० जून २०२५ रोजी सिट्रोएन सी३ आणि डीएस३ या गाड्यांच्या ब्रिटनमधल्या मालकांना कंपनीने कळवले, की गाडी ताबडतोब चालवणे थांबवा. ‘सवडीने गॅरेजमध्ये आणा’ असे सांगणारा हा नेहमीचा रिकॉल नव्हता. याला तिकडे ‘स्टॉप ड्राइव्ह’ म्हणतात. गाडी आहे तिथेच उभी करायची आणि एअरबॅग बदलल्याशिवाय चावी फिरवायची नाही. २००९ ते २०१९ या काळात तयार झालेल्या सुमारे १ लाख २० हजार गाड्यांना हा आदेश लागू झाला. मुलांना शाळेत सोडणारी, रुग्णालयात रात्रपाळीला जाणारी, म्हाताऱ्या आईला तपासणीसाठी नेणारी ही छोटी गाडी एका दिवसात दारात अडकून पडली. गॅरेजच्या तारखा लवकर मिळेनात. ‘विच?’ या ग्राहकांच्या संस्थेने मालकांच्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या.

एवढी घाई का झाली? त्याच महिन्यात ११ तारखेला फ्रान्समधल्या राँस शहराजवळ सी३ चालवणाऱ्या एका महिलेचा अपघात झाला. तिला वाचवण्यासाठी बसवलेली एअरबॅगच फुटली आणि त्यात तिचा जीव गेला. एअरबॅग जपानच्या ताकाता कंपनीची होती.

आता ही वस्तू आतून पाहू. ड्रायव्हरसमोर स्टीअरिंगच्या आत आणि शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डच्या आवरणामागे नायलॉनची पिशवी घडी करून ठेवलेली असते. तिच्या मागे पोलादाचा एक बंद डबा असतो. त्याला इन्फ्लेटर म्हणतात. डब्यात रसायनाच्या दाबून केलेल्या वड्या असतात. गाडी जोरात धडकली की सेन्सर विजेचा संदेश पाठवतो, वड्या पेट घेतात, त्यांचा वायू होतो आणि पिशवी फुगते. हे सारे सेकंदाच्या साधारण तीन-चार शतांशांत उरकते. डोळ्याचे पाते लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एअरबॅग हा मोजूनमापून घडवलेला छोटा स्फोटच आहे. माप चुकले नाही तर तो जीव वाचवतो.

ताकाताच्या डब्यांत चुकले ते हे मापच. २००० च्या सुमारास कंपनीने आधीचे महागडे रसायन सोडून अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. खतात आणि खाणींतल्या सुरुंगांत वापरले जाणारे हे स्वस्त रसायन हवेतला ओलावा शोषते. शिवाय उष्णता कमीजास्त झाली की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. कंपनीने त्यात दुसरे रसायन मिसळून हा बदल आवरण्याचा प्रयत्न केला, पण अनेक डब्यांत ओलावा टिपून घेणारे द्रव्य घातलेच नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत थोडे तांदूळ टाकतात, तशी ही साधी खबरदारी होती. ती न घेतल्याने दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षे ओलावा वड्यांमध्ये मुरत गेला. घट्ट दाबलेल्या वड्या फुगून सच्छिद्र झाल्या. अशी वडी जळताना आगीला जास्त पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे ती फार वेगाने जळते. डब्याला दाब सोसत नाही, तो फाटतो आणि पोलादाचे तुकडे पिशवी भेदून समोरच्या माणसाच्या गळ्यात, छातीत, चेहऱ्यात घुसतात.

धोक्याच्या खुणा फार आधी दिसल्या होत्या. होंडाने २००८ मध्ये सुमारे ४,००० गाड्या परत मागवल्या. २००९ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १८ वर्षांची एक मुलगी एका साध्या धडकेत गेली. एरवी अशा धडकेतून माणूस कपडे झटकून उतरला असता. ११ एप्रिल २०१३ रोजी टोयोटा, होंडा, निस्सान आणि माझदा यांनी शेजारच्या सीटच्या एअरबॅगसाठी जगभरातून ३४ लाख गाड्या परत मागवल्या. तेव्हा दोष कारखान्यातला, म्हणजे वड्या नीट न दाबल्याचा आणि ओलाव्यात ठेवल्याचा, असे सांगण्यात आले. मूळ दोष रसायनाच्या निवडीतच आहे, हे पुढे उघड झाले. २०१७ मध्ये ताकाताने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. चाचण्यांची खोटी माहिती देऊन वाहन कंपन्यांना फसवल्याबद्दल तिला १०० कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. त्याच वर्षी तिने दिवाळखोरी जाहीर केली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवाव्या लागल्या.

मग ब्रिटनमधल्या या मालकांना ‘थांबा’ हा शब्द २०२५ मध्ये का ऐकू आला? त्याचे उत्तर हवामानात आहे. ओलावा आणि उष्णता ही कारणे कळल्यावर उष्ण, दमट प्रदेशांना पहिला क्रम मिळाला. फ्रान्समधले बहुतेक बळीही ग्वादलूप, रियुनियनसारख्या उष्ण बेटांवरचे होते. याच गाड्यांसाठी २०२४ मध्ये दक्षिण युरोपात ‘स्टॉप ड्राइव्ह’ जाहीर झाले. थंड ब्रिटनची पाळी नंतर येईल, असे मानले गेले. सुटे भाग कमी असताना क्रम लावावा लागतो, हे मला मान्य आहे. पण राँस उत्तर फ्रान्समध्ये आहे, शॅम्पेनच्या थंड मुलखात. थंड हवेत हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. पंधरा वर्षे जुन्या डब्याच्या बाबतीत हा फरक ओळखायला उशीर झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण पत्राची. ब्रिटनमध्ये दोष आढळला की कंपनी डीव्हीएसए या सरकारी संस्थेला कळवते आणि डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेच्या नोंदीवरून गाडीच्या नोंदणीकृत ताबेदाराला पत्र जाते. दुरुस्ती फुकट असते. व्यवस्था चांगली आहे, पण समजा, लेस्टरला शिकायला गेलेल्या मुलीने तिसऱ्या हाताची गाडी घेतली, वर्षभरात दोनदा घर बदलले आणि नोंदणीत पत्ता जुनाच राहिला. पत्र जुन्या घराच्या दारातून आत पडते आणि जाहिरातींच्या कागदांसोबत कचऱ्यात जाते. कंपनीच्या वहीत ‘कळवले’ अशी खूण होते. मुलगी मात्र त्याच गाडीतून मैत्रिणीला शेजारी बसवून फिरत असते.

तिकडच्या एमओटी या गाडीच्या वार्षिक तपासणीवरही विसंबून राहू नका. त्या तपासणीत एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पाहतात, इन्फ्लेटर उघडून पाहत नाहीत. आणि ताकाताच्या वड्या खराब झाल्या तरी तो दिवा लागत नाही. या दोषाचा आवाज नाही, वास नाही, खडखड नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? कोकणातला पावसाळा आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी आठवा. ताकाताच्या वड्यांना याहून वाईट हवामान शोधूनही सापडणार नाही. होंडाने भारतातही अशा गाड्या परत मागवल्या. आपल्याकडे रिकॉलचा सक्तीचा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. एअरबॅगचा हा दोष नेमका त्यानंतर पिकतो. ज्या वयात धोका वाढतो, त्याच वयात कायद्याचे छत्र संपते. ही मर्यादा बदलली पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय आहे? गाडीच्या पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाकून पाहा. अनेक गाड्यांत तिथे १७ अक्षरे-अंकांची बारीक पट्टी दिसते. तिथे नसेल तर हा क्रमांक नोंदणीच्या कागदावर सापडेल. तो चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. ब्रिटनमध्ये राहत असाल तर गाडीच्या नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास उघडा, प्रलंबित रिकॉल तिथेही दिसतो. जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी हे करा आणि पत्ता बदलला की नोंदणीतही बदला. गाडी रिकॉलमध्ये असेल तर काम झाल्याचा लेखी कागद घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नका. एअरबॅग काढून टाकणे किंवा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून उघडून घेणे, हे मात्र कधीही करू नका. चांगली एअरबॅग जीव वाचवते, हेही तितकेच खरे आहे.

कंपनीने पत्र पाठवले म्हणून रिकॉल पूर्ण होत नाही. तो जुना डबा गाडीतून बाहेर पडतो, तेव्हाच तो पूर्ण होतो. ब्रिटनमध्ये तुमची मुले, भाचरे, मित्र असतील तर त्यांना आजच फोन करा आणि तो १७ अक्षरांचा क्रमांक तपासायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.